एक जिल्हा, एक प्रशिक्षक

रविता पटलेचं पद गेलं तेव्हा तिच्या हातात चहाचा कागदी कप होता. जून महिना होता. गोंदियात झाडीपट्टी हौशी कुस्ती संघाची वार्षिक सभा भरली होती. कूलरच्या घरघरीत संघाचे सचिव दुधरामजी बिसेन कागद वाचत होते आणि मागच्या रांगेला निम्मंच ऐकू येत होतं.

जेवढं ऐकू आलं तेवढं पुरेसं होतं. आजवर संघाने जिल्ह्याचे चार विभाग पाडले होते आणि प्रत्येक विभागाला एक प्रशिक्षक होता. तिरोडा-गोरेगाव विभाग अकरा वर्षं रविताकडे होता. आता विभाग राहणार नव्हते. सगळ्या जिल्ह्याला एकच प्रशिक्षक, त्याच्याकडे कुस्तीचा डिप्लोमा हवा आणि सराव फक्त गोंदियाच्या हॉलमध्ये. जुन्या चौघांना यापुढे समन्वयक म्हणायचं. समन्वयकाने फॉर्म भरून घ्यायचे, पालकांना फोन करायचे, स्पर्धेच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर बसायचं.

"वरूनच आलं आहे जी," दुधरामजी कागदाची घडी घालत म्हणाले. "आपल्या हातात काही नाही. एक जिल्हा, एक प्रशिक्षक. तिलक रहांगडाले का नाम तो सबको मालूम ही है."

तिलक दुसऱ्या रांगेत बसला होता. एकोणतीस वर्षांचा, आमगावकडचा, पटियाळ्याहून डिप्लोमा करून आलेला. तो अवघडून उभा राहिला, तेव्हा टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवायला हात मोकळे हवेत म्हणून रविताने कप खाली ठेवला. देवरीकडचे साठीतले प्रशिक्षक मात्र उठून बाहेर गेले आणि त्यांनी मोटरसायकलला किक मारल्याचा आवाज आत आला.

"रविताबाई, तुमाले काही बोलायचं आहे का?" दुधरामजींनी विचारलं.

"नाही जी," ती म्हणाली. रजिस्टर फिरत आलं, तिने सही केली. नावापुढे 'समन्वयक' असं आधीच छापलेलं होतं.

रविताचं माहेर कामठ्याचं. बाप रामलाल कटरे, धानाची शेती. घरात कुस्तीचा काहीच वारसा नव्हता. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, कुस्त्यांची दंगल भरायची, ती बघायला पोरी काकवांच्या मागे उभ्या राहायच्या, एवढाच काय तो संबंध. रविता चौदा वर्षांची असताना बालाघाटकडून एक पोरगी आली आणि हौद्यात उभी राहून तिने मांडीवर शड्डू ठोकला. इकडच्या कुणाची पोरगी तिच्यासमोर येईना. रविता चपला काढून आत शिरली आणि पाऊण मिनिटात उताणी पडली. बाप गर्दीतच होता. दुसऱ्या दिवशी बैल सोडताना म्हणाला, "पडायचंच असन तर शिकून पड."

मग ती शिकली. दोनदा राज्य स्पर्धेपर्यंत गेली. तेविसाव्या वर्षी उजवा खांदा निखळला आणि खेळणं संपलं. त्या दिवशी खांदा लोंबत असताना तिला काहीच दुखलं नव्हतं. ती पंचांशी हुज्जत घालत होती. दुखायला लागलं ते चार तासांनी, परतीच्या बसमध्ये, आणि मग असं लागलं की कंडक्टरला गाडी थांबवावी लागली. लग्न तिरोड्यात झालं. नवरा हेमेंद्र राइस मिलमध्ये ऑपरेटर. मालकाचं एक जुनं गोदाम रिकामं पडून होतं. हेमेंद्रने शब्द टाकला, मालकाने किल्ली दिली, संघाने वापरलेल्या मॅट पाठवल्या. चार पोरींवर सुरू झालेलं काम तेवीस पोरींपर्यंत आलं. कितीही झाडलं तरी त्या गोदामात कोंडा उरायचाच. घामेजलेल्या पोरींच्या पाठीला तो चिकटायचा, आणि शाळेत बसल्यावर खाजवणारी पोरगी दिसली की मास्तर ओळखायचे, ही पटले मॅडमकडची.

सभेहून परतताना रविता बसमध्ये खिडकीशी बसली आणि वाट बघत राहिली. आता वाईट वाटायला लागेल, तिला वाटलं. खांद्यासारखंच. तिरोडा आलं, ती उतरली, भाजी घेतली, घरी पोचली. काही वाटायला लागलं नव्हतं.

सासू कुंताबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी पोवारी बोलीत विचारलं, आता सकाळी तू घरीच असशील का? रविता म्हणाली, असेन. "बरं झालं," सासू म्हणाल्या. सुपाचे दोन-चार झटके देऊन झाल्यावर त्याच म्हणाल्या, "बरं नाही झालं."

हेमेंद्रने जेवताना विषय काढला. "मग तू का करशीन आता?"

"टेबलावर बसीन."

"नको म्हणून सांगून टाक ना. एवढ्या वर्षाचं काम तुयं. कायले बसतं टेबलावर?"

"मले काही वाटूनच नाही राहिलं," ती म्हणाली. ते खरं होतं, पण हेमेंद्रला वाटलं बायको धीर दाखवते आहे. त्याने तिच्या ताटात भात वाढला आणि पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोदामात तिने पोरींना चार वाक्यांत सांगितलं. यापुढे सराव गोंदियात. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी. तिलक सर शिकवतील. मी फॉर्मचं बघीन. आचल नावाची एक लहानगी पोरगी होती, तिने विचारलं, "आनं तुमी, मॅडम?"

"मी फोन करीन तुमच्या घरी."

पोरी उभ्याच राहिल्या. त्यांना वाटलं मॅडम अजून काही बोलतील. मॅडम म्हणाल्या, "चला, धावा."

आठवड्याभराने तिलक स्वतः तिरोड्याला आला. कुणी सांगायच्या आत त्याने मॅटच्या कडेला बूट काढले. रविताने त्याला पोरींची यादी दिली. संघाने पाठवलेला छापील तक्ता होता: नाव, जन्मतारीख, वजन, रक्तगट, पालकाचा फोन. तेवीस ओळी, स्वच्छ अक्षरात.

तिलकने तो वरून खाली वाचला. "ताई, ह्याच्यात नाही असं काही असन तर सांगा. एकेकीबद्दल. मी तर कोणाले ओळखत नाही."

रविताने तक्त्याकडे बघितलं. तिला पुष्कळ माहीत होतं. आचल हरली की दोन दिवस बोलत नाही, तिसऱ्या दिवशी आपणहून येते. एका पोरीचा बाप पिऊन आला की ती घरी जायला उशीर करते, तिला मॅट गुंडाळायचं काम सांगायचं. आणि चेतना उईके. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावची, शिकायला तिरोड्यात मावशीकडे राहिलेली, सतरा वर्षांची, तेविसांत सगळ्यात चांगली. चेतनाचं अंगचं वजन एक्कावन्न. एकोणपन्नासच्या गटात बसायचं म्हणून ती आदल्या वर्षी तीन दिवस उपाशी राहिली होती, अंगात प्लास्टिक आणि वर दोन स्वेटर घालून उन्हात धावली होती. रविताने तेव्हा तिला स्वतःच्या घरी आणून शेजारी बसवून जेवू घातलं होतं. तेव्हापासून नियमच ठरला होता, स्पर्धेआधीचे तीन दिवस चेतनाने पटल्यांकडे जेवायचं.

"नाही," रविता म्हणाली. "सगळं आहे त्याच्यात."

राग असता तर गोष्ट वेगळी होती. तिलकवर तिचा राग नव्हता. पोरगा भला होता, हे तिला बूट काढताना बघूनच कळलं होतं. सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि तेवढंही करावंसं वाटलं नाही, एवढंच. तिलकने तक्ता पिशवीत ठेवला, चहा घेतला आणि तो गेला.

पावसाळा सरला. तेविसांतल्या चौदा पोरी गोंदियाला जात राहिल्या, नऊ सुटल्या. ज्या सुटल्या त्यांच्या घरी फोन करणं हे आता रविताचं काम होतं. "मॅडम, अंधार पडते परत येता येता," एक बाप म्हणाला. "तुमच्या गोदामात होतं तवा ठीक होतं. घरासमोरच होतं." रविताने 'पालकांची संमती नाही' असं लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. ती कामात कुठे चुकत नव्हती. दुधरामजींनी फोन करून कौतुकही केलं, सगळ्या समन्वयकांत तुमचेच कागद वेळेवर येतात म्हणून. पहाटे साडेचारला तिला अजून जाग यायची. ती उठून बसायची, पाणी प्यायची आणि सासूबाईंच्या आधी चूल पेटवून ठेवायची.

सप्टेंबरात जिल्हा निवड चाचणी आली. सकाळी सात वाजता वजनं सुरू झाली. वजनकाट्याशी पंच आणि शेजारच्या टेबलावर रविता. पंच आकडा सांगायचे, ती लिहायची. पोरी रांगेने येत होत्या. चेतना समोर आली तेव्हा रविताने मान वर केली. ओठांवर पांढरी साल धरलेली, डोळे आत गेलेले. सही करायला पेन घेतलं तर ते बोटांत थरथरत होतं.

"अठ्ठेचाळीस सातशे," पंच म्हणाले.

चेतनाने रविताकडे बघितलं नाही. रविताला सगळं कळलं होतं. प्लास्टिक, स्वेटर, तीन दिवस, मावशीला मारलेल्या थापा. तिने अठ्ठेचाळीस पूर्णांक सात लिहिलं आणि म्हणाली, "पुढची."

साडेदहाला चेतनाची पहिली कुस्ती लागली. पहिल्या फेरीत ती पाच गुणांनी पुढे होती. फेरी संपली, पंचांनी शिट्टी दिली, ती कडेला आली आणि तिलक सर पाण्याची बाटली पुढे करत होते तेवढ्यात खाली बसली. बसली ती आडवी झाली. पायात पेटके येऊन बोटं वाकडी झाली होती.

मॅटजवळ जायला गळ्यात प्रशिक्षकाचं कार्ड लागायचं. रविता मॅटभोवतीची दोरी ओलांडून गेली, कुणी अडवलं नाही. तिने चेतनाची टाच धरून पाऊल मागे वळवलं, तिलकला म्हणाली, "मीठ-साखर आन. आनं गाडी काढ." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तिलक धावला.

सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं पाणी पार गेलं होतं, वेळेत आणलं, धोका नाही, पण उद्यापर्यंत राहू द्या. बाहेरच्या बाकावर रविता आणि तिलक बसले.

"तुमाले माहीत होतं का, ताई?"

"हो."

"कवापासून?"

"मागच्या वर्षीपासून. आनं आज सकाळी वजनाच्या वेळीही कळलं होतं."

"मी तुमाले विचारलं होतं," तिलक सावकाश म्हणाला. "गोदामात. काही सांगायचं आहे का म्हणून."

"विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"काऊन?"

तिलक तिच्याकडे बघत राहिला, मग उठून पाण्याच्या टाकीपाशी गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

दुपारी चेतनाचा बाप आला. केवलराम उईके नागझिऱ्यात पर्यटकांच्या गाडीत गाइड म्हणून बसायचा. तो जंगलातला खाकी शर्ट तसाच घालून आला होता. त्याने आत जाऊन पोरीच्या कपाळावर हात ठेवला, बाहेर आला आणि रवितासमोर थांबला.

"तुमी होत्या ना तिथं, मॅडम?"

"होती."

"मंग ठीक आहे," केवलराम म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. "मले फोनवर कोणी काही नीट सांगे ना. जीव घाबरला होता. पटले मॅडम असन तर काही होत नाही, असं मी पोरीच्या मायले म्हणलं."

त्याने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, तिच्यापुढे धरला. तिने एक घेतलं. ते तिने तसंच हातात धरून ठेवलं.

मग तिने त्याला सांगितलं. वजनाचं, उपासाचं, आपण सकाळी बघितलं आणि लिहिलं तेही. एकही शब्द न गाळता सांगितलं. केवलराम पुड्याचा कागद दुमडत ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "मंग तुमी असून नसल्यासारख्याच ना." आवाज चढवून नाही, जंगलातली एखादी वाट बंद झाल्याचं सांगावं तसा तो बोलला. मग उठून पोरीपाशी जाऊन बसला.

चेतनाने रविताला भेटायला नकार दिला. तिचा राग निराळाच होता. मॅडमनी दोरी ओलांडून यायला नको होतं, असं ती तिलकला म्हणाली. दोन मिनिटं मिळाली असती तर उठले असते.

त्या रविवारी रविताने तिलकला फोन करून गोदामात बोलावलं. मॅट अजून तिथेच होत्या. दोघं त्यांवर समोरासमोर बसले, तिलकने वही काढली आणि ती पोरीमागून पोरीबद्दल सांगत गेली. कुणाला ओरडलेलं चालतं, कुणाला नाही. कुणाचा गुडघा ती दाखवते त्यापेक्षा जास्त दुखतो. महिन्याचे ते दिवस आले की कोण सांगत नाही आणि पोट धरून खेळते. कुणासोबत जेवायला बसावं लागतं. तीन तास झाले. मधे तिलकने लिहिणं थांबवून विचारलं, "ताई, तुमीच काऊन नाही येत गोंदियाले? मी दुधरामजीसंग बोलतो. सहायक म्हणून."

"कागदावर सहायक नाही आहे."

"कागदाचं पाहू."

"तू लिही," ती म्हणाली. सुटलेल्या नऊ पोरी आल्या तेव्हा तिलक म्हणाला, ह्या तर येतच नाहीत. तरी तिने त्यांचंही सांगितलं. त्याने तेही लिहून घेतलं.

तिलक दुधरामजींशी बोलला. दुधरामजींनी ऐकून घेतलं, प्रस्ताव पुढच्या वार्षिक सभेत ठेवू म्हणाले, आणि चाचणीच्या दिवशी समन्वयकाने दोरी ओलांडली त्याबद्दल एक साधं समजपत्रही पाठवलं, नियम म्हणून. रविताने ते वाचून कपाटात ठेवलं. नोव्हेंबरात धान घरात यायला लागलं तेव्हा मिलमालकाने गोदाम परत मागितलं. टेम्पो आला, मॅट गोंदियाला गेल्या. हेमेंद्रने सुट्टी काढून मॅट चढवायला हात लावला. बायको रडेल असं त्याला वाटत होतं. ती ड्रायव्हरला दोरी कुठून घालायची ते सांगत होती.

जानेवारीत पुन्हा चाचणी होती. हवेत चांगलाच गारठा होता, पोरी शाली पांघरून रांगेत उभ्या होत्या. रविता टेबलावर बसली होती. साडेसातच्या सुमारास समोर एक फॉर्म सरकला. तिने नाव वाचलं आणि मान वर केली. चेतनाचे गाल भरले होते. चार महिन्यांत ती रविताशी एक शब्द बोलली नव्हती.

"त्रेपन्नच्या गटात टाका," चेतना म्हणाली. पुढे 'मॅडम' लावलं नाही.

"बावन्न चारशे," पंचांनी काट्यावरून सांगितलं.

रविताने लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. "सकाळी का खाल्लं?"

चेतनाने वळून बघितलं. मागे रांग थांबली होती. "चहा-पोळी," ती म्हणाली.

"आनं?"

"आनं काही नाही."

रविताने टेबलाखालून स्वतःचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. "तिथं, माह्या समोर बस. खा. मंग सही कर."

चेतनाने डबा घेतला. ती भिंतीला टेकून खाली बसली, झाकण उघडलं आणि मान खाली घालून खायला लागली. पंच म्हणाले, बाई, उशीर होतो आहे. रविता म्हणाली, "होऊ द्या." ती पोरीकडे बघत राहिली, शेवटचा घास जाईपर्यंत.